वडिलांच्या सात वह्या, चाळीस रेकॉर्डिंग आणि एक सॉफ्टवेअर

ताई, तुमचा प्रश्न मला कळला तो असा. बाबा एसटीत कंडक्टर होते, आता ७४ वर्षांचे आहेत, त्यांनी आठवणींच्या ७ वह्या भरून ठेवल्यात, शिवाय तुमच्या मोबाइलवर त्यांच्या बोलण्याची ४० एक रेकॉर्डिंग आहेत, तुम्ही रोज रात्री बसून वर्डमध्ये टाइप करत गेलात आणि आता १८० पानांची एकच फाइल झालीये, तिच्यात काय कुठे आहे ते तुम्हालाच सापडत नाही. आणि विचारताय की स्क्रिव्हनर, म्हणजे मोठं लिखाण सुट्या तुकड्यांत ठेवून शेवटी पुस्तक बांधायचं सॉफ्टवेअर, विकत घेऊ का, की दुसरं काही बरं आहे.

मी गेली १६ वर्षं लोकांच्या आत्मचरित्रांचं शब्दांकन आणि संपादन करते, बहुतेक सगळे तुमच्या बाबांसारखेच, म्हणजे लेखक नसलेले पण सांगण्यासारखं भरपूर असलेले. त्यातली निम्म्याहून जास्त पुस्तकं मी स्क्रिव्हनरमध्येच बांधली. त्यामुळे उत्तर आधीच देऊन टाकते: घ्या, पण आज नका घेऊ. त्याची ट्रायल ३० दिवसांची असते आणि ते ३० दिवस तुम्ही प्रत्यक्ष वापरलेलेच मोजले जातात, म्हणजे आठवड्यातून दोनदा उघडलंत तर साडेतीन महिने फुकट चालतं. तेवढ्यात तुम्हाला आणि बाबांना जमतंय का ते कळेल. पैसे एकदाच भरायचे असतात, दरवर्षी नाही, फक्त विंडोज आणि मॅकची लायसन्स वेगळी असतात ते बघून घ्या. अँड्रॉइडवर ते नाही, आणि मेनू मराठीत नाहीत, पण मजकूर मराठी युनिकोडमध्ये, म्हणजे आपण मोबाइलवर मराठी टाइप करतो त्याच पद्धतीत, व्यवस्थित लिहिता येतो. तरी ट्रायलमध्ये पहिल्या दिवशीच दोन पानं टाकून जोडाक्षरं आणि रफार नीट दिसतात का ते तुमच्या लॅपटॉपवर बघा, काही फॉन्ट नीट बसत नाहीत, मग फॉन्ट बदलायचा.

आता मुख्य गोष्ट. तुमची अडचण सॉफ्टवेअरची कमी आणि एका चुकीच्या सवयीची जास्त आहे, ती जवळजवळ सगळ्यांना असते. तुम्ही टाइप करता करताच क्रम लावताय. बाबांनी वहीत जे ज्या क्रमाने लिहिलं ते त्यांना आठवलं त्या क्रमाने लिहिलं, आणि आठवण काही सालवार येत नाही, एका गाडीवरून दुसऱ्या गाडीवर जावं तशी ती उड्या मारते. तुम्ही त्याला टाइप करतानाच ओळीत बसवायला बघता, मग दुसऱ्या वहीत त्याच प्रसंगाचा अजून एक तुकडा सापडतो, मग वर जाऊन घुसवता, मग खालचं जुळत नाही. ही दोन कामं वेगळी करा. आधी तुकडे. क्रम अगदी शेवटी. सॉफ्टवेअरचा खरा उपयोग एवढाच आहे की तुकडे सुटे राहतात, हरवत नाहीत, आणि क्रम शंभर वेळा बदलला तरी काही मोडत नाही.

तुकडा म्हणजे काय ते तुम्ही नमुन्याला जो परिच्छेद दिलाय, तिसऱ्या वहीतला, त्याच्यावरूनच दाखवते. त्यात बाबा सांगतात की ड्युटीच्या पहिल्याच दिवशी बाजाराच्या गर्दीत तिकिटांचा ट्रे हातातून निसटला आणि गठ्ठे पायांखाली गेले, मग लगेच म्हणतात की पहिल्या पगारात आईला साडी घेतली पण तिने ती कधी नेसलीच नाही, ट्रंकेत ठेवली, आणि मग पुढच्या वाक्यात आपण एकदम मुक्कामी गाडीवर जातो, जिथे शेवटच्या गावातली एक म्हातारी रोज रात्री ड्रायव्हर-कंडक्टरला भाकरी आणि झुणका आणून द्यायची. एका परिच्छेदात तीन गोष्टी. या तीन चिठ्ठ्या झाल्या. मी त्यांना चिठ्ठ्याच म्हणते, स्क्रिव्हनर त्यांना डॉक्युमेंट म्हणतं आणि प्रत्येकीला एक इंडेक्स कार्ड जोडलेलं असतं.

चिठ्ठीला नाव देताना क्रियापद घाला, ही माझी सगळ्यात आवडती अट आहे. "नोकरीचे सुरुवातीचे दिवस" असं नाव दिलंत की चिठ्ठी मेली, कारण सहा महिन्यांनी कार्डावर ते वाचून तुम्हाला काहीही आठवणार नाही. "तिकिटांचा ट्रे गर्दीत पडला", "आईने साडी नेसलीच नाही", "म्हातारी रोज भाकरी आणायची", हे बघा, नुसती नावं वाचली तरी डोळ्यासमोर येतं. आणि कुठल्या चिठ्ठीला क्रियापदाचं नाव देताच येत नसेल तर बहुतेक तिथे प्रसंग नसतो, नुसतं मत असतं, "तेव्हाची माणसं प्रामाणिक होती" वगैरे. ते फेकू नका, पण बाबांना विचारा की कोण प्रामाणिक होतं, काय केलं त्याने, आणि बसा ऐकत.

यातली तिसरी चिठ्ठी पहिल्या दोघींपेक्षा वेगळ्या जातीची आहे हे पण लक्षात घ्या. ट्रे एकदाच पडला. म्हातारी रोज यायची, कदाचित तीन-चार वर्षं. आत्मचरित्रात हे दोन प्रकार असतात, एकदा घडलेलं आणि नेहमी घडणारं, आणि नवीन माणसाच्या हस्तलिखितात दुसरंच फार असतं, पानंच्या पानं "आम्ही जायचो, आम्ही करायचो". मी दोघांना दोन रंगांची लेबलं देते. कॉर्कबोर्डवर, म्हणजे सगळी इंडेक्स कार्डं एकत्र मांडून दिसतात तिथे, सलग आठ-दहा कार्डं "नेहमीचं"च्या रंगाची दिसली की मला कळतं इथे वाचक पेंगणार, मग बाबांना विचारायचं की ती म्हातारी एखाद्या रात्री आलीच नाही असं झालं होतं का. बरेचदा झालेलं असतं, आणि खरी गोष्ट तीच असते.

तुमचं टाइप केलेलं वाया जाणार नाही, घाबरू नका. वर्डच्या फाइलमध्ये जिथे जिथे विषय बदलतो तिथे एका स्वतंत्र ओळीवर हॅशचं चिन्ह टाकत जा, अर्थ लावत बसू नका, नुसतं वाचत जा आणि तोडत जा. मग स्क्रिव्हनरमध्ये फाइल मेनूत इम्पोर्टखाली इम्पोर्ट अँड स्प्लिट आहे, त्याला हे चिन्ह सांगितलं की एका झटक्यात १८० पानांच्या २००-२५० चिठ्ठ्या होतात. राहिलेलं काही तोडायचं असेल तर कर्सर ठेवायचा आणि कंट्रोल के. त्यानंतरचे दोन-तीन रविवार फक्त नावं देण्यात जातील. कंटाळवाणं काम आहे पण पुस्तक तिथेच दिसायला लागतं.

डाव्या बाजूला बाइंडर असतो, तिथे फोल्डर करायचे असतात, आणि इथे हमखास सगळे जण बालपण, शिक्षण, नोकरी, संसार, निवृत्ती अशी पाच फोल्डर करतात. कृपा करून करू नका. त्याने नोकरीत १५० चिठ्ठ्या जातात, बालपणात ३०, आणि संसारात ४. तुमचे बाबा कंडक्टर होते, त्यांची आठवण डेपोवार आणि रूटवार चालत असणार, तुम्ही त्यांना "१९८३ साली काय झालं" विचारलंत तर ते गप्प बसतील पण "त्या डेपोला असताना सकाळची पहिली गाडी कुठली असायची" विचारलंत तर गाडीचा नंबर, ड्रायव्हरचं नाव, वेबिलावरचा, म्हणजे तिकिटांच्या नोंदीच्या कागदावरचा, हिशेब सगळं सांगतील. म्हणून फोल्डर डेपोंची करा आणि राहत्या घरांची करा. नर्सबाईंचं पुस्तक केलं तेव्हा आम्ही वॉर्डांची केली होती, एका शेतकरी काकांची विहिरींवरून केली, कारण त्यांच्या डोक्यात काळ असाच वाटलेला होता, पहिल्या विहिरीआधी आणि नंतर. आणि एक फोल्डर "अजून जागा नाही" या नावाचं ठेवा. ते शेवटपर्यंत भरलेलं राहिलं तरी चालतं.

सालांचा सांगाडा मात्र लागतोच, आणि तो बाबांच्या आठवणीतून काढू नका, कागदांतून काढा. सेवापुस्तकाची प्रत मिळाली तर सोन्याहून पिवळं, बदल्या, रजा, वेतनवाढी सगळं तारखेनिशी असतं. शाळा सोडल्याचा दाखला, लग्नपत्रिका, जुनी रेशनकार्डं, जमीन असेल तर सातबारा आणि त्याचे फेरफार, पोस्टकार्डांवरचे पोस्टाचे शिक्के, फोटोच्या मागचा स्टुडिओचा शिक्का. हे सगळं स्कॅन करून बाइंडरमधल्या रिसर्च फोल्डरमध्ये टाका, तिथलं पुस्तकात छापलं जात नाही पण शेजारी उघडून बघता येतं. बाबांची कागदावरची जन्मतारीख १ जून असेल तर ती बहुतेक मास्तरांनी शाळेत नाव घालताना लिहिलेली असणार, त्या पिढीत कितीतरी जणांची तीच आहे, तेव्हा वय मोजताना तिच्यावर फार विसंबू नका.

ज्याला कागद नाही त्याला खुंटी शोधायची. "साल कुठलं" असं विचारूच नका. बहात्तरच्या दुष्काळात, लाल मिलो, ती परदेशी ज्वारी, खायची वेळ आली तेव्हा तुम्ही काय करत होतात? आणीबाणी लागली तेव्हा नोकरी होती का? १६ फेब्रुवारी १९८० च्या सूर्यग्रहणाला सगळे घरात बसले होते तेव्हा ड्युटी होती का? इंदिरा गांधी गेल्या, ३१ ऑक्टोबर १९८४, त्या रात्री गाडी कुठे होती? गणपती दूध प्यायला तो दिवस, २१ सप्टेंबर १९९५, तेव्हा तुम्ही कितवीत होता ताई? अशा खुंट्यांना बाकीचं अडकवत जायचं, अमुक त्याच्या आधी, तमुक त्याच्या नंतर.

याचा फायदा काय होतो ते एका गुरुजींच्या पुस्तकावेळी बघितलं. सातारा जिल्ह्यातले, प्राथमिक शिक्षक म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी लिहिलं होतं की कोयनेच्या भूकंपाच्या रात्री ते वसतिगृहातून दिवाळीच्या सुट्टीला घरी आले होते, भांडी कशी पडली, वडिलांनी पोरांना कसं बाहेर ओढलं, सुंदर लिहिलेलं. मी चिठ्ठीला तारीख टाकली, ११ डिसेंबर १९६७, पहाटेची वेळ, आणि शेजारी दिवाळी टाकायला गेले तर त्या वर्षी दिवाळी नोव्हेंबरच्या सुरुवातीलाच होऊन गेलेली. म्हणजे सुट्टी कधीच संपलेली. मी त्यांना चूक म्हणून सांगितलं नाही, फक्त विचारलं की गुरुजी, डिसेंबरात तुम्ही घरी कसे? ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, आजीच्या तेराव्याला आलो होतो. आजीने त्यांना वाढवलं होतं आणि तिच्या जाण्यावर अख्ख्या वहीत एक ओळ नव्हती. त्या दिवशी ते तीन तास बोलले आणि त्याच्या ११ चिठ्ठ्या झाल्या, पुस्तकाचा सगळ्यात चांगला भाग तोच आहे. तारखेचा रकाना नसता तर ती आजी कायमची दिवाळीच्या सुट्टीखाली राहिली असती.

म्हणून प्रत्येक चिठ्ठीला तीन गोष्टी जोडाच, स्क्रिव्हनरमध्ये कस्टम मेटाडेटा म्हणून रकाने करता येतात. एक, तारीख किंवा साल. दोन, ती किती पक्की, म्हणजे कागदावरून, अंदाजे, की माहीत नाही. तीन, कुठून आलं, वही ३ पान ४२, किंवा रेकॉर्डिंग १७ मिनिट ९. तिसरा रकाना आत्ता फालतू वाटेल, पण वर्षभराने बाबा म्हणाले की मी असं म्हटलंच नव्हतं, तर तुम्हाला वही काढून दाखवता येईल. लेबलं, स्टेटस, कीवर्ड अजून खूप काय काय आहे त्याच्यात, सहापेक्षा जास्त लेबलं करू नका, रंग लावण्यात दिवस जातात आणि लिहिणं राहतं, मी अशी दोन पुस्तकं अडकलेली बघितलीत.

आकडे मराठीत लिहायचे की इंग्रजीत ते पहिल्या दिवशी ठरवा आणि एकच ठेवा, कारण तुम्ही मराठीत १९७९ शोधलंत आणि चिठ्ठीत इंग्रजी आकडे असतील तर ती सापडेल असं धरून चालू नका. तेच नावांचं. अण्णा की आण्णा, वहिनी की वहीनी, आपण टाइप करताना दोन्ही करतो. त्यावर उपाय म्हणजे माणसांची कीवर्ड, म्हणजे चिठ्ठीला जोडायच्या नावाच्या खुणा, करून ठेवायची, मजकुरात काहीही लिहिलेलं असो, कीवर्डवर क्लिक केलं की त्या माणसाच्या सगळ्या चिठ्ठ्या एकत्र येतात.

हे माणसांचं कीवर्ड फार मोठी गोष्ट आहे. त्याच गुरुजींच्या २०० च्या वर चिठ्ठ्यांत त्यांच्या पत्नीचं कीवर्ड किती ठिकाणी होतं माहितीये? सहा. लग्न, दोन बाळंतपणं, एक आजारपण, एकदा घर बांधताना, एकदा निवृत्तीच्या समारंभात. ४९ वर्षांचा संसार. मी ती यादी प्रिंट काढून त्यांच्यासमोर ठेवली, काही बोलले नाही. पुढच्या वेळी गेले तर काकू शेजारी येऊन बसल्या होत्या आणि गुरुजी म्हणाले, आज ती सांगणार. एकटं वाचून हे कधी लक्षात आलं नसतं, कारण वाचताना ती घरात सगळीकडे आहेच असं वाटत राहतं. तुमच्या आईचं कीवर्ड पहिल्याच दिवशी करा.

आता बाबांचे शब्द. चिठ्ठी तोडून झाली की काहीही सुधारायच्या आधी तिचा स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणी आहे तशी जपलेली प्रत, घ्या, कंट्रोल ५, आणि त्याला "वहीत आहे तसं" असं नाव द्या. मग व्याकरण सुधारा, वाक्यं हलवा, काय हवं ते करा, मूळ कधीही परत आणता येतं. आपल्याला वाटतं आपण थोडंसंच नीट करतोय, पण दहा चिठ्ठ्यांनंतर बाबा वर्तमानपत्रासारखे बोलायला लागलेले असतात. हल्ली एआयला देऊन मजकूर सुधारून घ्यायची पद्धत आली आहे, मी तुम्हाला अगदी कळकळीने सांगते की या कामात ते करू नका, ज्या बोलीसाठी नातवंडं हे पुस्तक उघडणार आहेत तीच बोली त्यात पुसली जाते.

रेकॉर्डिंगबद्दल विचारलंय. गूगल डॉक्सचं व्हॉइस टायपिंग मराठीत चालतं, क्रोममध्ये टूल्स मेनूत आहे, भाषा मराठी निवडायची. बाबांचं रेकॉर्डिंग स्पीकरवर लावून ते लिहून घ्यायचा प्रयत्न करू नका, बरंचसं गळतं, त्यापेक्षा तुम्ही इयरफोनने ऐका आणि वाक्य वाक्य स्वतः बोला, ते बरंच बरं उमटतं. विरामचिन्हं नंतर आपणच घालायची. आणि गावाकडचे शब्द ते आपल्या मनाने प्रमाण मराठीत वळवतं किंवा भलतंच काहीतरी लिहितं, त्यामुळे दुसऱ्यांदा ऐकून तपासणं आलंच. स्क्रिव्हनरमध्ये एडिटर दोन भागांत करून वर ऑडिओ आणि खाली मजकूर ठेवता येतो, तपासायला ते छान पडतं. ४० च्या ४० रेकॉर्डिंग प्रोजेक्टमध्ये कोंबू नका मात्र, फाइल जड होते. बाहेरच्या फोल्डरमध्ये नंबर देऊन ठेवा, ज्याच्यावर काम चाललंय तेवढंच आत घ्या. फोटोंचंही तसंच, आणि व्हॉट्सअॅपवरून आलेले फोटो छपाईला चालत नाहीत, मूळ फोटो ६०० डीपीआयला स्कॅन करा, त्या काळचे फोटो लहान असतात.

काही गोष्टी लिहायच्या असतात पण छापायच्या नसतात. भावकीतला वाद, वरिष्ठांनी केलेला अन्याय, कुणाचं व्यसन. बाबा म्हणतील लिहू नको. तुम्ही म्हणा लिहूया, छापायचं नंतर ठरवू. प्रत्येक चिठ्ठीला इन्क्लूड इन कंपाइल असं एक टिकमार्क असतं, ते काढलं की चिठ्ठी आत राहते पण पुस्तकात येत नाही. माझ्या अनुभवात हे टिकमार्क दाखवल्यावर माणसं मोकळी होतात, कधीकधी वर्षभराने स्वतःच म्हणतात की घाल ती आता. दुसऱ्यांची पत्रं छापायची असतील तर एक लक्षात असू द्या, पत्राचा कागद आपला असला तरी मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा असतो, आणि तो त्यांच्या मृत्यूनंतरही वारसांकडे राहतो, तेव्हा विचारून छापा.

बॅकअपचं मी जरा जास्तच सांगणार आहे, कारण माझ्याकडून एकदा एका बाईंची जवळजवळ तीन आठवड्यांची मेहनत गेली. स्क्रिव्हनरचं प्रोजेक्ट दिसतं एक पण विंडोजवर ते अख्खं फोल्डर असतं, आत प्रत्येक चिठ्ठीची वेगळी फाइल. ते मी क्लाउडच्या फोल्डरमध्ये ठेवलं होतं, घरच्या कॉम्प्युटरवर उघडं राहिलं आणि बाहेरगावी लॅपटॉपवरही उघडलं, दोन्हीकडून सिंक होत राहिलं आणि आतल्या फाइलींची सरमिसळ झाली. त्यावर प्रोग्रॅम आपोआप बॅकअप घेतो म्हणून मी निर्धास्त होते, पण तो मुळात शेवटचे ५ च ठेवतो आणि ते पाचही बिघडल्यानंतरचे होते. म्हणून तुम्ही असं करा: एकच लॅपटॉप, एकच माणूस टाइप करणारा. सेटिंगमध्ये बॅकअपची संख्या ५ वरून २५ करा, झिप करून ठेवा असं सांगा, आणि बॅकअपचं फोल्डर फक्त क्लाउडवर जाऊ द्या, चालू प्रोजेक्ट नाही. महिन्यातून एकदा पेन ड्राइव्हवर एक झिप, आणि एक वर्डची प्रत काढून स्वतःला मेल. वह्यांचे फोटो तर आजच काढा, पानापानाचे, वही आणि पान नंबर घालून, पावसाळा यायच्या आत.

बाकीच्या सॉफ्टवेअरचं पटकन सांगते. पैसे घालायचेच नसतील तर तुमच्या वर्डमध्येही यातलं निम्मं होतं: प्रत्येक चिठ्ठीच्या नावाला हेडिंग स्टाइल द्या, व्ह्यू मेनूतून नॅव्हिगेशन पेन उघडा, डावीकडे सगळी नावं दिसतील आणि नाव धरून वर-खाली ओढलं की त्याखालचा मजकूर सोबत जातो. लिब्रेऑफिस फुकट आहे, त्यात हेच एफ ५ दाबून नॅव्हिगेटरमध्ये होतं. वायरायटर विंडोजवर फुकट आहे, प्रसंगवार लिहायला ठीक आहे, पण ते कादंबरीसाठी बनवलंय. ऑब्सिडियन माझ्या तरुण मित्रमैत्रिणींना आवडतं, चिठ्ठ्या एकमेकींना जोडायला चांगलं आहे, फक्त शेवटी पुस्तक बांधताना कष्ट पडतात. एऑन टाइमलाइन नावाचं कालरेषेचं वेगळं सॉफ्टवेअर आहे, ते स्क्रिव्हनरशी जोडता येतं आणि कुठल्या प्रसंगाला कोण किती वर्षांचं होतं ते आपोआप दाखवतं. मोठं कुटुंब असेल तर कामाचं, तुम्हाला आत्ता गरज नाही, एक्सेलची शीट पुरेल.

क्रम कधी लावायचा? चिठ्ठ्या १५० च्या पुढे गेल्या आणि नवीन येणं मंदावलं की. तेव्हा कॉर्कबोर्ड उघडा, आणि शक्य असेल तर कार्डांची प्रिंट काढून जमिनीवर पसरा, बाबांना खुर्चीत बसवा आणि त्यांना सांगू द्या कुठलं कुठे जातं. स्क्रीनवर त्यांना जमणार नाही आणि जमायची गरजही नाही. त्यांनी लावलेला क्रम मोबाइलवर फोटो काढून घ्या आणि मग लॅपटॉपवर तसाच ओढा. पुस्तक जन्मापासून सुरू व्हायला पाहिजे असं काही नाही. मला तर वाटतं ट्रे पडल्यापासून सुरू करावं, गर्दीतला तो नवखा पोरगा, पायांखाली तिकिटं, आणि मग मागे जावं की हा इथवर आला कसा. पण ते बाबा ठरवतील.

वाचायला देताना १६ पॉइंटमध्ये प्रिंट काढा, एका बाजूने, उजवीकडे चार बोटं समास सोडून. ते समासात लिहितील, आणि समासात जे लिहितील त्यातून नवीन चिठ्ठ्या निघतील, ही गोष्ट गृहीत धरूनच वेळ ठरवा.

छपाईचं शेवटी. कंपाइल केलं की सगळ्या चिठ्ठ्या एकत्र होऊन वर्डची फाइल मिळते, पीडीएफ आणि ईपब पण. डेमी या पुस्तकांच्या नेहमीच्या आकारात पानाला साधारण २५० ते ३०० शब्द धरा, म्हणजे ६०,००० शब्दांचं २०० ते २४० पानांचं पुस्तक. डीटीपीवाल्याकडे, म्हणजे छपाईसाठी पानं मांडून देणाऱ्याकडे, जायच्या आधी फोनवर विचारा की युनिकोड चालतं का आणि इनडिझाइनमध्ये काम करता का. बरेच जण अजून पेजमेकर आणि जुने फॉन्ट वापरतात, मग तुमचा मजकूर कन्व्हर्टरमधून जातो आणि तिथे रफार, ऱ्य, ॲ अशा जागी चुका शिरतात, अख्खं पुस्तक पुन्हा वाचावं लागतं. युनिकोडवाला थोडा महाग पडला तरी तोच घ्या. फॉन्ट मराठी वळणाचा निवडा, ल आणि श मराठी पद्धतीचे असलेला, तिरो देवनागरी मराठी हा गूगल फॉन्ट्सवर फुकट आहे आणि पुस्तकाला शोभतो.

या रविवारी फक्त एवढं करा: वह्यांचे फोटो, आणि तिसऱ्या वहीच्या त्या एका परिच्छेदाच्या तीन चिठ्ठ्या. आणि बाबांना त्या म्हातारीचं नाव विचारा, वहीत ते कुठेच आलेलं नाही.